लॅमिंग्टन रोडचं टीपी४०५६ मॉड्यूल: स्वस्त, तापट आणि कामाचं

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईतल्या माणसांची सुटका. लिथियम-आयन सेलचा साधा चार्जर घरी बनवायचा असेल तर टीपी४०५६ चिपचं ते निळं मॉड्यूल घ्या. अंगठ्याच्या पेराएवढं असतं. सहा पॉइंटचंच, म्हणजे वायर जोडायच्या सहा जागा असलेलंच घ्या, आणि त्यावरचा करंट ठरवणारा एक रेझिस्टर बदलल्याशिवाय लहान सेलला लावू नका. मला ते मुंबईत लॅमिंग्टन रोडला २५ रुपयांना मिळालं. तेवढ्या पैशांत हल्ली वडापाव आणि कटिंग दोन्ही बसवताना मारामार होते.

मी हौशी आणि प्रायोगिक नाटकांची प्रकाशयोजना करते. ग्रुप लहान असला की प्रॉपर्टीतले दिवेही माझ्याच गळ्यात येतात. कंदील, समई, डायल उजळणारा जुना रेडिओ, हे सगळं पेटलं पाहिजे आणि वायर कुठे दिसता कामा नये. पूर्वी आम्ही पेन्सिल सेल घालायचो. तालमीला अर्धवट उतरलेले, प्रयोगाला नवेकोरे. तरी ऐन प्रवेशात कंदील मंदावायचा आणि परीक्षकांना वाटायचं की बाईंनी काहीतरी सूचक केलंय. स्पर्धेच्या दोन-तीन फेऱ्यांत सेलचाच खर्च भाड्याच्या स्पॉटइतका व्हायला लागला, तेव्हा मी १८६५० सेलकडे वळले. म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत असतात ते. सेल आले म्हणजे चार्जर आला, आणि तो शक्यतो कंदिलाच्या बुडातच मावायला हवा होता.

खरेदीचं सांगते. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरायचं आणि चालत जायचं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं आहे, टॅक्सीवाल्याला मात्र लॅमिंग्टन रोडच सांगावं लागतं. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटरं खाली असतात. संध्याकाळी सहानंतरही जाऊ नका, तेव्हा काउंटरवर रिपेअरवाल्यांची झुंबड असते आणि आपल्यासारख्या एकदोन नग घेणाऱ्याला कोणी विचारत नाही. दुपारी तीनच्या सुमाराला गेलात तर तोच दुकानदार सुस्तावलेला असतो आणि दोन प्रश्नांची उत्तरं देतो.

मी ज्या दुकानातून घेतलं तिथल्या पोराने पहिलाच प्रश्न बरोबर विचारला, “ताई, चार पॉइंटवालं की सहा?” दिसायला दोन्ही सारखीच. चार पॉइंटवाल्यावर फक्त चार्जिंगची चिप असते. सहा पॉइंटवाल्यावर आणखी दोन चिप असतात, डीडब्ल्यू०१ए आणि ८२०५ए. पहिली सेलवर नजर ठेवते, दुसरी तिच्या सांगण्यावरून जोडणी तोडते. सेल साधारण २.४ व्होल्टपर्यंत उतरला की दिव्याकडे जाणारा प्रवाह बंद. चुकून शॉर्ट झालं तरी बंद. चार्जिंगची चिप बिघडली आणि व्होल्टेज ४.३ च्या आसपास चढलं तरी बंद. किमतीत पाच-सात रुपयांचा फरक, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. चार पॉइंटवालं फक्त तेव्हा घ्या जेव्हा सेलला स्वतःचं प्रोटेक्शन आधीच आहे.

बोर्डावर नावं छापलेली असतात. इन प्लस आणि इन मायनस म्हणजे पाच व्होल्ट येण्याची जागा. ती सहसा लागत नाही, कारण यूएसबीचं सॉकेट बसवलेलंच असतं. बी प्लस, बी मायनस सेलला. आउट प्लस, आउट मायनस दिव्याला. दिव्याची वायर सेलच्या पॉइंटवर जोडू नका. दिवा पेटेल, पण मग वरचं सगळं प्रोटेक्शन बाजूला राहतं आणि जादा पैसे फुकट.

आता हे मॉड्यूल नेमकं करतं काय? लिथियम सेलला जुन्या निकेल सेलसारखं रात्रभर थोडंथोडं पाजत ठेवलेलं चालत नाही. आधी ठरावीक करंट द्यायचा, व्होल्टेज ४.२ ला पोचलं की ते तिथेच धरायचं आणि करंट आपोआप उतरू द्यायचा, आणि तो एक-दशांशावर आला की पूर्ण थांबायचं. टीपी४०५६ हे तिन्ही करते. सेल फारच उतरलेला असेल, २.९ व्होल्टच्या खाली, तर सुरुवातीला दमानं घेते, ठरलेल्या करंटच्या दहाव्या हिश्शाने. चार्ज होताना लाल एलईडी, झाल्यावर निळा. पुढे सेल ४.०५ पर्यंत उतरला आणि यूएसबी अजून लावलेली असली तर परत सुरू. हे सगळं पूर्वी एलएम३१७ रेग्युलेटर, ट्रान्झिस्टर आणि प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा रेझिस्टर) घेऊन करायचो. प्रीसेट फिरवून ४.२ वर आणायचा, आणि झाल्यावर बंद करायचं ते आपल्यालाच लक्षात ठेवून. त्या सर्किटबद्दल मला कौतुक आहे, पण आज कोणी शिकण्यापलीकडे त्याच्या नादाला लागू नये.

व्होल्टेज अचूक आहे का, हा खरा मुद्दा. चिपच्या कागदावर, म्हणजे डेटाशीटवर, दीड टक्क्याची सूट आहे, म्हणजे ४.१४ ते ४.२६ मधलं काहीही ‘बरोबर’. माझ्याकडची बरीचशी ४.१८ ते ४.२१ मध्ये थांबली. एक ४.२४ वर थांबतं, ते मी तालमीच्या सेललाच लावते. निळा एलईडी लागला की यूएसबी काढायच्या आधी बी प्लस आणि बी मायनसवर मल्टिमीटर टेकवा. ४.२५ च्या वर दिसलं तर ते मॉड्यूल बाजूला. २५ रुपयांसाठी २५० रुपयांचा सेल झिजवायचा नाही.

आता तापट म्हटलं त्याचं. मॉड्यूल येतं ते १ अँपिअरवर बसवलेलं. ही चिप जुन्या पद्धतीची आहे, जास्तीचं व्होल्टेज उष्णता करून टाकते. अडॅप्टर ५ व्होल्टचा, सेल ३.७ वर, मधले १.३ व्होल्ट गुणिले १ अँपिअर, म्हणजे १.३ वॉट त्या आठ पायांच्या चिपमध्येच जिरतात. सेल ३ व्होल्टवर असताना २ वॉट. चिपवर बोट ठेवाल तर आपोआप मागे येतं. फार तापली की ती स्वतःच करंट कमी करते, त्यामुळे जळत नाही, पण बंद कंदिलाच्या बुडात, शेजारी सेल आणि भोवती कागदी पुठ्ठा, असा २ वॉटचा शेगडीवजा तुकडा मला नको होता.

म्हणून तो रेझिस्टर. चिपजवळच्या रेझिस्टरांत ‘१२२’ लिहिलेला शोधा. बऱ्याच बोर्डांवर त्याच्या शेजारी आर३ छापलेलं असतं. १२२ म्हणजे १.२ किलो-ओहम. हिशोब सोपा, १२०० भागिले किलो-ओहम, उत्तर मिलिअँपिअरमध्ये. १.२ ला १०००. तो काढून २.२ लावला तर ५४५ च्या आसपास. ४.७ लावला तर २५५. १० लावला तर कागदावर १३० दिलंय, हिशोबाने १२०. मोठ्या १८६५० सेलला मी २.२ लावते. २६०० मिलिअँपिअर-तासांचा सेल भरायला साडेपाच-सहा तास जातात, पण चिप नुसती कोमट राहते. समईतल्या छोट्या चपट्या पाउच सेलला, जो ५०० चा असतो, ४.७. अशा सेलला मुळातला १ अँपिअर लावणं म्हणजे त्याच्या क्षमतेच्या दुप्पट वेगाने ढोसणं. तो फुगतो. फुगलेला पाउच सेल पाहिला असेल त्याला पुढचं सांगायला नको.

ही दुरुस्ती वाटते तितकी अवघड नाही. मुळातला रेझिस्टर जेमतेम दीड मिलिमीटरचा आहे. त्याच्या दोन्ही टोकांवर थोडं जास्तीचं सोल्डर घाला, बारीक टोकाच्या आयर्नने दोन्ही टोकं आलटून पालटून तापवा, तो सरकतो, चिमट्याने उचला. जोर लावू नका, जोराने तांब्याची पट्टी उखडते. त्याजागी तेवढाच बारीक बसवायचा हट्ट कशाला? नेहमीचा पाव वॉटचा, दोन पायांचा घ्या. २.२ म्हणजे लाल-लाल-लाल. पाय आखूड कापा, उभा सोल्डर करा, वर थोडी हीट-श्रिंक नळी चढवा. कुरूप दिसतं, पण कंदिलाच्या आत बघायला कोण येणार आहे. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन फ्लक्स, म्हणजे सोल्डरिंगनंतर उरणारा चिकट थर, घासून काढा. ही पायरी मुंबईत टाळू नका. जूनपासून हवेत जे पाणी असतं ते फ्लक्सच्या थरात बसतं आणि गणपतीपर्यंत सोल्डरवर हिरवट बुरा दिसायला लागतो.

तक्रारी. पहिली, टाइप-सी सॉकेटची. मी घेतलेल्या एका खेपेत सॉकेटच्या मागे ५.१ किलो-ओहमचे ते दोन रेझिस्टर बसवलेलेच नव्हते. ते नसले की दोन्ही बाजूंना टाइप-सी असलेल्या केबलने अडॅप्टर वीज सोडतच नाही. मॉड्यूल मेलेलं वाटतं. जुनी चौकोनी टोकाची यूएसबी-ते-सी केबल लावली की लगेच लाल एलईडी. हे दुकानदाराला सांगितलं तर तो म्हणाला, “सगळीकडचं असंच येतं.” सगळीकडचं तसं नसतं, पुढच्या खेपेला त्याच्याकडेच व्यवस्थित मिळालं. ग्रीनरूममध्ये पोरांच्या फोनच्या नव्या केबली असतात, म्हणून आम्ही प्रॉपर्टीच्या पेटीत एक जुनी केबल कायमची ठेवून दिली आहे.

दुसरी तक्रार मोठी आहे. सेल उलटा लावला तर चिप जाते. क्षणात, वासासकट. उलट्या जोडणीपासून वाचवायला बोर्डावर काहीच नाही, आणि डीडब्ल्यू०१एचा इथे उपयोग नाही. होल्डरमध्ये स्प्रिंगकडची बाजू मायनस हे आपल्याला पाठ असतं, पण प्रयोगाआधी पाच मिनिटं सेल बदलणारा पोरगा दाढी चिकटवून, धोतर सावरत बदलत असतो. मी प्रत्येक होल्डरच्या प्लस बाजूला लाल नेलपेंटचा जाड ठिपका लावते आणि सेलच्या प्लस टोकाकडेही तसाच. ठिपक्याला ठिपका. तेव्हापासून वास आलेला नाही. सेलचं वरचं प्लास्टिकचं वेष्टन फाटलेलं असेल तर तो सेल होल्डरमध्ये घालूच नका. प्लस टोपीच्या भोवतीची कडसुद्धा मायनसच असते, वेष्टन गेलं की धातूची एक पट्टी लागायचा अवकाश, शॉर्ट.

तिसरी गोष्ट तक्रार नाही, स्वभाव आहे, पण नवीन माणूस फसतो. सगळं जोडून सेल घातला आणि दिवा पेटला नाही, तर मॉड्यूल कचऱ्यात टाकू नका. प्रोटेक्शनची चिप कधीकधी पहिल्यांदा जोडताना बंदच राहते. एकदा यूएसबी लावून काढा, जागी होते. सेल पार उतरून दिवा कापला गेल्यावरही चार्जिंगला लावल्याशिवाय तो परत येत नाही, म्हणून प्रयोगाच्या दिवशी ‘थोडं विश्रांतीला ठेवून बघू’ हा उपाय चालत नाही.

आणि दिवा चालू ठेवून चार्ज करू नका. चिपला सेल किती पितोय आणि दिवा किती पितोय हे वेगळं कळत नाही, तिला एकूणच दिसतं. ५४५ वर बसवलं असेल तर ५४ च्या आसपास येऊन तिने थांबायचं असतं. कंदिलाचा एलईडीच ८० घेत असेल तर ती थांबणारच नाही, सेल तासन्‌तास ४.२ वर टांगलेला राहील. यावर वेगळं सर्किट जोडता येतं, एक मॉस्फेट आणि एक डायोड, पण प्रॉपर्टीला त्याची गरज नाही. आमच्याकडे नियम आहे, वस्तू एकतर टेबलावर नाहीतर चार्जिंगवर. विंगेत चार्जिंगला लावलंत तर एलईडीवर काळ्या टेपचा तुकडा लावा. ब्लॅकआउटमध्ये तो लाल ठिपका बाल्कनीच्या शेवटच्या रांगेतून दिसतो, आणि निळा तर विचारूच नका.

खर्चाचं बघा. मॉड्यूल २५, एका सेलचा होल्डर २०, सरकवायचा स्विच १०, वायर आणि रेझिस्टर मिळून फार तर १५. सत्तर रुपयांत चार्जर उभा. पण यात सेल नाही, आणि पैसे सेलमध्येच घालायचे असतात. त्याच रस्त्यावर ८० रुपयांचेही सेल मिळतात, वर ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेले. १८६५० आकारात खऱ्या सेलची मजल ३५०० च्या थोडी पुढे जाते, त्यापुढचे आकडे छापखान्यात वाढवलेले असतात. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. काही तर तिशीतच थांबतात, आत काय भरलंय ते त्यांनाच ठाऊक. भारतात लिथियम सेलना आयएस १६०४६ प्रमाणे बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे, सुट्या बिननावी सेलवर ते चिन्ह मला कधी दिसलेलं नाही.

जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधले सेल काढून वापरणारे बरेच आहेत, मीही वापरते. पण पॅक फोडल्यावर पहिलं काम मल्टिमीटर. २ व्होल्टच्या खाली पडून राहिलेला सेल चार्ज करून ‘जिवंत’ करायचा नाही. इतका उतरला की आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि पुढे चार्ज करताना तेच आत शॉर्ट घडवतं. टीपी४०५६ बिचारी असाही सेल मुकाट्याने चार्ज करायला घेते. तो निर्णय आपण करायचा. उरलेले पूर्ण चार्ज करा, काही आठवडे खणात ठेवा, परत मोजा. ४.१ च्या वर टिकला तो ठेवा. बाद झालेले सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांना द्या, टोकांवर टेप लावून. कचऱ्याच्या गाडीत चेपून पेटलेल्या सेलची आग विझवणं फार कठीण जातं.

चार्जिंगला जागा म्हणजे मी बाथरूमच्या कामातून उरलेली एक लादी वापरते. गादी, सोफा, नाटकाचे पडदे, थर्माकोलचा सेट यांच्यावर अजिबात नको. घराबाहेर पडताना आणि झोपताना केबल काढलेली. स्पर्धांचा मोसम संपला की सेल होल्डरमधून काढून, ३.७-३.८ व्होल्टवर, घट्ट झाकणाच्या डब्यात. पूर्ण भरून ठेवलेला सेल मुंबईच्या मे महिन्यात उगाच म्हातारा होतो. होल्डरच्या स्प्रिंगा पावसाळ्यात गंजतातच, त्यांना दरवर्षी बारीक पॉलिश पेपर.

दुकानाबद्दलही दोन शब्द, कारण निम्मा अनुभव तिथलाच असतो. बिल मागितलं तर मिळतं, पण चेहरा बघून घ्या. सुट्या मालाला परतावा नाही, हे काउंटरवरच लिहिलेलं. म्हणून तिथेच तपासा. खिशात पॉवर बँक आणि केबल घेऊन जा, सेल न जोडता मॉड्यूलला यूएसबी लावा. निळा एलईडी लागला आणि लाल किंचित लुकलुकला तर ठीक. दोन्ही मेलेले असतील तर दुसरं मागा. माझ्यासमोर एकदा कुरकुर न करता बदलून दिलं. घेतानाच दोन जास्तीची घ्या. एकासाठी ग्रँट रोडला परत गेलं तर लोकलचं तिकीट आणि अर्धा दिवस मॉड्यूलपेक्षा महाग पडतो.

कोणी घेऊ नये तेही सांगते. तुम्हाला फक्त टॉर्चचे सुटे सेल चार्ज करायचे असतील आणि सोल्डरिंग आयर्न घरात नसेल, तर चांगल्या कंपनीचा दोन खाचांचा तयार चार्जर घ्या. तो उलटा सेल ओळखतो, आणि आयर्न, सोल्डर, फ्लक्सचा हिशोब केला तर स्वस्तच पडतो. मोटर चालवायची असेल तरी हे नको. ८२०५ए साधारण ३ अँपिअरला हात वर करते आणि मोटर सुरू होतानाचा पहिला झटकाच त्याच्या वर जाऊ शकतो. दोन सेल समांतर जोडता येतात, पण आधी दोघांचं व्होल्टेज सारखं करून मगच. आणि ड्रिलच्या पॅकसाठी किंवा १२ व्होल्टच्या एलईडी पट्टीसाठी तीन सेल एकापुढे एक जोडणार असाल तर टीपी४०५६ मागूच नका. मागितलंत तर काउंटरवाला देईल, त्याला काय. तिथे तीन सेलचा, बॅलन्स करणारा म्हणजे तिन्ही सेल सारखे ठेवणारा बीएमएस बोर्ड आणि १२.६ व्होल्टचा चार्जर मागा. तो त्याच काउंटरवर, मागच्या खणात असतो.